सतरा तारीख कुठल्या वारी?

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ऑगस्ट संपता संपता एक प्रश्न हमखास येतो: "यंदा सतरा तारीख कुठल्या वारी?" कॅलेंडर प्रत्येकाच्या खिशात असतं. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की रजा टाकावी लागणार का. २०२३ साली रविवार होता, तेव्हा आम्ही एक्केचाळीस जण जमलो आणि पुलाव संपला. पुढच्या वर्षी मंगळवार आला. चौदा डोकी, त्यातली तीन बाबागाडीतली. मी मोजते. दरवर्षी मोजते आणि दरवर्षी ठरवते, की पुढल्या वर्षी मोजायचं नाही.

ही सतरा सप्टेंबर म्हणजे बाराव्या शतकातल्या जर्मन मठवासिनी संत हिल्डेगार्डचा सण. जर्मनीत राइन नदीच्या उजव्या काठावर रूडेसहाइम नावाचं गाव आहे, पर्यटकांनी गजबजलेलं. त्याच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळ्यांना टेकून आयबिंगन आहे. तिथल्या चर्चमध्ये एक सोनेरी पेटी आहे, १९२९ साली घडवलेली. हिल्डेगार्डच्या मृत्यूला तेव्हा साडेसातशे वर्षं झाली होती. पेटीत तिची कवटी, केस, हृदय आणि जीभ जपून ठेवली आहे असं सांगतात. सणाच्या दिवशी ही पेटी खांद्यांवर घेऊन गावातून मिरवणूक निघते, १८५७ पासून. आमच्या सातारच्या वहिनी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांना मी वाटेत संत, अवशेष, बेनेडिक्टाइन संघ वगैरे बरंच समजावत होते. पेटी वळणावर दिसली तशा त्या म्हणाल्या, "अगं, ही तर पालखी!" आणि चप्पल काढून हात जोडून उभ्या राहिल्या. माझं सगळं समजावणं वाया गेलं. तेव्हापासून नव्या माणसाला मी काही सांगत नाही, नुसतं त्या वळणावर नेऊन उभं करते.

आम्ही म्हणजे माइन्झ, व्हीसबाडन, फ्रँकफर्टकडची मराठी घरं. निम्मी माझ्यासारखी वसईची कॅथलिक, बाकीची सातारा, नागपूर, डोंबिवली. गणपतीला आणि दिवाळीला हॉल कमी पडतो. तो आनंद मला आहेच. पण फराळाला दोन-दोन तास गाडी चालवून येणारी माणसं सतरा तारखेला "ट्रॅफिक फार असतं ना" म्हणतात, तेव्हा मी नुसता अंगठा पाठवते. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मोठी असते. कुणी बिशप नाहीतर दुसऱ्या मठाचे ॲबट, म्हणजे मठप्रमुख, येतात, प्रवचन लांबतं, धूप फार होतो आणि आमच्यातल्या एकाला दरवर्षी खोकला येतो. मिरवणूक, पेटी जागेवर, आशीर्वाद. मग संध्याकाळी भाड्याच्या खोलीत आमचा कार्यक्रम. स्वागत, मागच्या वर्षाचा हिशेब, समईशेजारी एक मेणबत्ती. चहाबरोबर डिंकेलची बिस्किटं. डिंकेल हा गव्हाचाच जुना प्रकार, आपल्या खपलीचा चुलतभाऊ म्हणा. हिल्डेगार्डनं त्याची फार स्तुती करून ठेवली आहे. जायफळ, दालचिनी, लवंग घातलेली ही बिस्किटं खाल्ली की मन प्रसन्न होतं, अशी तिची शिफारस. चवीला नानकटाईची जरा कडक बहीण. तिच्या नावावर आता इथे चहा, मलम, उशा, काय काय विकतात. मला ते आवडत नाही. पण बिस्किटं मीही दोन पाकिटं जास्त घेते.

मग मुलांचं नाटुकलं. हिल्डेगार्डनं स्वतः लिहिलेलं एक संगीतनाटक आहे, 'ऑर्डो विर्तुतुम', म्हणजे सद्गुणांचा मेळा. साधारण ११५१ चं. एक जीव आहे, त्याला घेरून नम्रता, दया, धीर असे सद्गुण उभे आहेत आणि त्याला भुलवायला सैतान आलाय. सगळे गातात. सैतानाला मात्र तिनं एकही सूर दिलेला नाही. तो फक्त ओरडतो. संगीत देवाकडचं, ते त्याच्या तोंडी शोभणारच नाही. आम्ही त्यातला दहा मिनिटांचा तुकडा मराठीत बसवतो, चाली आमच्याच. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक मुलाला सैतान व्हायचं असायचं, कारण घसा फाटेस्तोवर ओरडायची परवानगी फक्त त्यालाच.

एका वर्षी डोंबिवलीच्या डॉक्टर जोडप्याची मुलगी पुढे आली. तेव्हा अकरा वर्षांची. गटात सगळ्यात गोड गळा तिचा आणि बाईसाहेबांना हवा होता सैतान. मी मनापासून विरोध केला. नम्रतेची सगळी गाणी मी तिच्यासाठीच लिहिली होती, नाराज होण्याचा मला हक्क होता. ती ऐकेना. शेवटी सद्गुण सैतानाला साखळीने बांधतात त्या ठिकाणी तिनं ओरडायचं होतं. ती तोंड उघडून उभी राहिली, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज काढलाच नाही. बाकीची मुलं घाबरून गायची थांबली. मला वाटलं पाठांतर विसरली. नंतर विचारलं तर म्हणाली, "त्याला गायचं असतं ना मावशी, पण येत नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन कप विसळत बसले.

मुलांनंतर व्हीसबाडनच्या ताई. त्यांचा विषय ठरलेला, तो 'महाग्रंथ'. हिल्डेगार्डचं बहुतेक सगळं लेखन एकत्र बांधलेली पंधरा किलोंची हस्तलिखित पोथी त्यांच्या गावच्या ग्रंथालयात आहे. युद्धात ती सुरक्षित राहावी म्हणून ड्रेस्डेनच्या बँकेच्या तिजोरीत ठेवली, ड्रेस्डेन जळलं, पोथी वाचली, पण शहर रशियनांच्या ताब्यात गेलं. मग १९४८ साली एका जर्मन अभ्यासक बाईनं आणि एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या पत्नीनं ती हिकमतीनं पश्चिमेला आणली. तिच्याबरोबरच पाठवलेली दुसरी, चित्रांची पोथी मात्र १९४५ पासून बेपत्ता आहे. आयबिंगनच्या मठातल्या सिस्टरांनी १९२७ ते १९३३ अशी सहा वर्षं बसून तिची हुबेहूब हाती प्रत काढली होती, म्हणून निदान ती चित्रं आज बघायला मिळतात. गोष्ट सुरेख आहे. ताई ती वीस मिनिटं सांगतात. दहा सांगितली तर आणखी सुरेख होईल, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

आणि मग मामा.

मामा वसईचेच. सत्तरच्या दशकात इकडे आले, मोटारीच्या कारखान्यात आयुष्य काढलं. हे संमेलन त्यांच्यामुळे सुरू झालं. त्यांची पहिली खोली बिंगनला होती आणि कामावरून परतताना नदीपलीकडचा मठ दिसायचा. "देऊळ दिसतंय तर देव कोण ते विचारायला नको?" म्हणून त्यांनी चौकशी केली, एवढाच इतिहास. भाषण करताना त्यांच्या हातात कागद नसतो. पहिलं वाक्य दरवर्षी तेच: "ती दहावं मूल." शेताचा दहावा हिस्सा देवाला, तसं दहावं लेकरू देवाला, अशी त्या काळची समजूत. जन्म १०९८. चौदाव्या वर्षी, १ नोव्हेंबर १११२ ला, युटा नावाच्या सरदारकन्येबरोबर डिसिबोडेनबर्गच्या मठात तिला बंद केलं. युटा ११३६ मध्ये गेली, मग हिल्डेगार्ड तिथल्या बायकांची मदर झाली. लहानपणापासून तिला दर्शनं व्हायची, बेचाळिसाव्या वर्षी ती लिहू लागली, पोपनी तिच्या लेखनाला मान्यता दिली, हे सगळं मामा दोन वाक्यांत उरकतात. "दर्शनं ज्याची त्याला," म्हणतात. "आपण तिचं वागणं बघू."

वागणं म्हणजे असं. तिला आपल्या बायका घेऊन स्वतःचा मठ काढायचा होता, बिंगनजवळ, नाहे नदी राइनला मिळते त्या रुपर्ट्सबर्ग टेकडीवर. ॲबट कुनो सोडेनात. मठात बायका होत्या म्हणून देणग्या होत्या. हिल्डेगार्डनं अंथरूण धरलं. अंग दगडासारखं जड. ॲबटांनी स्वतः तिचं डोकं उचलायचा प्रयत्न केला, हलेना. शेवटी त्यांनी हात टेकले. इथे मामा थांबून समोरच्या बायकांकडे बघतात आणि म्हणतात, "आमच्या आजीनं विहिरीसाठी हेच केलं होतं." खोली हसते. गेली पंचवीस वर्षं हसते.

११५०च्या सुमारास ती वीसेक बायकांना घेऊन तिथे गेली. पुढे ११६५ मध्ये नदीपलीकडचा ओस पडलेला आयबिंगनचा मठही घेतला आणि आठवड्यातून दोनदा होडीनं तिकडे जाऊ लागली. वय सदुसष्ट. मध्ये रिखार्डिस या तिच्या लाडक्या सहकारी सिस्टरला दुसऱ्या मठाची प्रमुख, आबेस, करून नेलं, तेव्हा हिल्डेगार्डनं बिशपपासून पोपपर्यंत पत्रं लिहून आकांत केला. काही उपयोग झाला नाही आणि वर्षभरात रिखार्डिस वारली. मामा ही गोष्ट कधी सांगतात, कधी गाळतात. मामींची तब्येत बरी नव्हती त्या वर्षी गाळली.

मग ११७८. आवाज इथे खाली येतो. एक सरदार होता, धर्मबहिष्कृत झालेला. मरण्याआधी त्यानं पश्चात्ताप केला, धर्मगुरूंनी त्याला पदरात घेतलं, असं हिल्डेगार्डचं म्हणणं. तिनं त्याला मठाच्या दफनभूमीत जागा दिली. माइन्झचे आर्चबिशप तेव्हा इटलीत होते. मागे राहिलेल्या वरिष्ठांचा हुकूम आला: प्रेत उकरून बाहेर टाका. "ऐंशी वर्षांची बाई," मामा म्हणतात. "वरून हुकूम. खाली मढं. मध्ये ही." तिनं काठी घेऊन कबरीच्या खुणाच पुसून टाकल्या, म्हणजे कुणाला सापडायला नको, असं सांगतात. मग शिक्षा झाली. मठावर बंदी. घंटा नाही, कम्युनियनचा प्रसाद नाही आणि गाणं नाही. प्रार्थना म्हणायच्या त्या दारं लावून, हलक्या आवाजात वाचायच्या. दिवसरात्र मिळून आठ वेळा गाणाऱ्या या बायका, आणि त्यांची मदर स्वतः सत्तरहून अधिक गीतं रचणारी.

तिनं हुकूम मोडला नाही. गप्पही बसली नाही. माइन्झच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. आदामाचा आवाज पापात पडण्याआधी देवदूतांच्या आवाजात मिसळलेला होता, आपण गातो ते त्या आवाजाची आठवण म्हणून, आणि सैतानाला नेमकं तेच सोसत नाही, तेव्हा देवाच्या स्तुतीची तोंडं बंद करताना शंभरदा विचार करा, असा त्याचा आशय. महिने गेले. ११७९ च्या वसंतात आर्चबिशपांनी बंदी उठवली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हिल्डेगार्ड गेली.

"सहा महिने तरी ऐकलं तिनं," एवढं म्हणून मामा खाली बसतात.

टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा आमचा अलिखित नियम. कुणी नवखा वाजवायला लागला तर सातारच्या वहिनी त्याचा हात धरतात. मिनिटभर खोलीत काही नसतं. फ्रीजची घरघर ऐकू येते. मग तीच मुलगी, आता विशी ओलांडलेली, 'कारितास आबुंदात'चा पहिला सूर लावते. हिल्डेगार्डचीच रचना: प्रेम सगळ्यांत ओसंडून वाहतं, खोल तळापासून ताऱ्यांच्याही वर. हिचे सूर असे उंच उड्या घेतात की तिसऱ्या ओळीला आम्ही बाकीचे जमिनीवरच राहतो. पण त्या मिनिटानंतर कुणी कितीही बेसूर गायलं तरी मला ऐकवतं. एरवी माझं तसं नाही, हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे.

२०२० साली खोली मिळाली नाही. सात जण द्राक्षमळ्याच्या कडेला अंतर ठेवून उभे होतो, मास्क लावून. त्या वर्षी चर्चमध्येसुद्धा एकत्र गाण्यावर निर्बंध होते. मामा बोलायला पुढे आले, मास्क खाली केला, आमच्याकडे पाहिलं. "यंदा मी काय सांगू?" म्हणाले आणि पुन्हा मास्क लावला. त्या वर्षी कुणी सूर लावला नाही. थर्मासमधला चहा प्यायलो आणि घरी गेलो. चाळीस संमेलनांतली सगळी भाषणं पुसली गेली तरी ते एक वाक्य माझ्याकडे राहील. (चाळीस नाहीत, सव्वीस. व्हीसबाडनच्या ताई वाचतील, म्हणून दुरुस्त केलं.)

याच्या उलट २०१२. मे महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिचा संतपदाचा मान साऱ्या ख्रिस्तसभेसाठी लागू केला, आणि ७ ऑक्टोबरला तिला 'धर्मसभेची आचार्य' ही पदवी दिली. असा मान मिळालेली ती चौथी स्त्री. आठशेहून अधिक वर्षं राइनकाठची माणसं तिला संत म्हणतच होती, रोमचा कागद तेवढा बाकी होता. त्या ऑक्टोबरात आम्ही खास चहापान ठेवलं, तर साठ माणसं. साठ! त्यातल्या बेचाळीस जणांनी त्याआधी एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. समोसे मीच तळत होते, मला आकडा माहीत आहे.

एका वर्षी आम्ही उलटा प्रवासही केला. मिरवणुकीनंतर रूडेसहाइमहून फेरीबोटीनं बिंगनला गेलो, तिच्या मठाची जागा बघायला. रुपर्ट्सबर्ग १६३२ मध्ये स्वीडिश सैन्यानं जाळला, सिस्टर अवशेष घेऊन निघाल्या आणि फिरत फिरत ते आयबिंगनला पोचले. टेकडीवरचे भग्नावशेष पुढे रेल्वेनं खाल्ले. आता एका घराच्या पोटात जुन्या चर्चच्या काही कमानी उरल्या आहेत, बस. मुलं हिरमुसली. बोटीवर मामांनी वसईहून आलेली सुकेळी वाटली आणि नदीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पाणी बघा. हे जळत नाही." मुलांना सुकेळी आवडली.

आता आभार. नावं घालू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून जशी हाक मारते तशी लिहिते. खोलीच्या चाव्या आणणारे नागपूरचे दादा, जे दरवर्षी पाच मिनिटं उशिरा येतात आणि दरवर्षी आम्ही पावसात उभे असतो, त्यांचे आभार. पुलावाच्या वहिनी, आणि २०२३ मध्ये तो संपला यात त्यांचा काहीही दोष नव्हता, हे मी आता लेखी देते. मठाच्या दुकानातल्या सिस्टर, ज्या आमच्यासाठी बिस्किटांचा खोका बाजूला ठेवतात आणि ज्यांना "थँक्यू"ऐवजी "देव बरे करो" शिकवलंय. डार्मश्टाटची दोन कॉलेजची मुलं, खुर्च्या लावणारी. खुर्च्या उचलायला मात्र थांबत नाहीत. उचलणारे वेगळे आहेत: सातारच्या वहिनींचे यजमान, एकटे. आयबिंगनच्या पॅरिशमधल्या आजी, ज्या मराठीतलं एक अक्षर न कळता दरवर्षी दुसऱ्या रांगेत बसतात आणि मामांच्या भाषणात योग्य जागी डोळे पुसतात. पोस्टर करणारी भाची. कुणी राहिलं असेल तर फोन करून सांगा, गटावर लिहू नका. अरे हो, पेटीवाले! दरवर्षी मामा बसले की पाणी आणून देणारा, बाजाची पेटी वाजवणारा कोल्हापूरचा मुलगा, ज्याचं कुणाच्याच लक्षात राहत नाही, कारण तो कधी चुकत नाही.

मामा-मामी मागल्या वर्षी कायमचे वसईला गेले. सतरा तारखेच्या आदल्या रात्री त्यांचा आवाज आला, अकरा मिनिटांचा. खोलीतल्या स्पीकरनं दगा दिला, म्हणून फोन उलट्या स्टीलच्या पातेल्यावर ठेवला आणि सगळे त्याभोवती वाकून ऐकत बसलो. "ती दहावं मूल." मागे कावळे, एक स्कूटर, कुणाचा तरी कुकर. "घंटा नाही, कम्युनियन नाही," इथे कुकरची शिट्टी झाली आणि मुलं खुदखुदली. वहिनींनी बघितलं, मुलं गप्प. "सहा महिने तरी ऐकलं तिनं." संपलं. पण मामांनी रेकॉर्डिंग बंद केलंच नव्हतं. कावळे चालू राहिले. कपात चमचा फिरला. मामींचा आवाज आला, "चहा घेता ना?" मग खुर्ची सरकवल्यासारखं काहीतरी, आणि जवळून, अगदी हळू, मामा:

"गातील ना गो ती?"

मामी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. त्याआधीच मुलीनं सूर लावला होता.